समोरचा सर्व्हर फिजिकल की व्हर्च्युअल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान एसएसएच किंवा रिमोट डेस्कटॉपवरून सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी आहे. मशीन कुठल्या रॅकमध्ये आहे, किंबहुना ते रॅकमध्ये आहे की नाही, हेच माहीत नसतं तेव्हा काय तपासायचं ते इथे सापडेल. फिजिकल म्हणजे खरंखुरं यंत्र; व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) म्हणजे अशा यंत्रावर सॉफ्टवेअरने उभं केलेलं मशीन. ते उभं करणारं सॉफ्टवेअर म्हणजे हायपरव्हायझर, खालचं यंत्र म्हणजे होस्ट आणि आतली व्हीएम म्हणजे गेस्ट. कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीसारखी रोमन लिपीत टाइप करायची.

लिनक्स सर्व्हरवर लॉगिन आहे. सगळ्यात झटपट काय चालवू?

'सिस्टमडी-डिटेक्ट-व्हर्ट'. सिस्टमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू करणारी, सांभाळणारी यंत्रणा) असलेल्या कुठल्याही वितरणात ही कमांड आधीपासून असते आणि तिला सहसा रूट (प्रशासकाचे पूर्ण अधिकार) लागत नाही. उत्तर एका शब्दात, सहसा हायपरव्हायझरच्या किंवा क्लाउडच्या नावाने येतं: केव्हीएम, व्हीएमवेअर, झेन, मायक्रोसॉफ्ट (म्हणजे हायपर-व्ही किंवा अझ्युर), ओरॅकल (म्हणजे व्हर्च्युअलबॉक्स), अमेझॉन, किंवा काहीच सापडलं नाही तर 'नन'.

ॲमेझॉनच्या नव्या नायट्रो (केव्हीएमवर आधारलेल्या) मशीनवर सिस्टमडी जुना असेल तर 'अमेझॉन'ऐवजी 'केव्हीएम' दिसतं. गुगलच्या मशीनचंही तसंच. दोन्ही उत्तरं बरोबरच आहेत, फक्त नवी आवृत्ती जास्त नेमकं सांगते.

'केव्हीएम' अपेक्षित असताना 'क्यूईएमयू' आलं तर मात्र दुर्लक्ष करू नका. व्हीएम हार्डवेअरच्या मदतीशिवाय, निव्वळ सॉफ्टवेअरवर चालली आहे असा त्याचा अर्थ होतो आणि ती कमालीची मंद असणार. बहुतेक वेळा होस्टच्या बायोसमध्ये व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही (प्रोसेसरमधली व्हीएम चालवायची सोय) बंद राहिलेलं असतं, नाहीतर केव्हीएमचं कर्नल मॉड्यूल लोड झालेलं नसतं.

स्क्रिप्टमध्ये हीच कमांड टाकली तर फिजिकल मशीनवर स्क्रिप्ट मध्येच का थांबते?

व्हर्च्युअलायझेशन सापडलं तर कमांड शून्य एक्झिट कोड देते. 'नन' आलं तर शून्याव्यतिरिक्त. स्क्रिप्टच्या डोक्यावर 'सेट -ई' असेल तर फिजिकल मशीनवर शेलला ते अपयश वाटतं आणि तो तिथेच गाशा गुंडाळतो. कमांड 'इफ'च्या अटीत ठेवा आणि '-क्यू' लावा, म्हणजे काही न छापता नुसता कोड मिळेल.

'नन' आलं म्हणजे मशीन फिजिकल, हे नक्की ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. मशीन व्हर्च्युअल असल्याचा एक ठोस पुरावा मिळाला की विषय संपतो. फिजिकल असल्याचं तसं नाही. 'नन'चा अर्थ एवढाच की कमांडला जी चिन्हं ओळखता येतात त्यातलं एकही दिसलं नाही. हायपरव्हायझरने स्वतःला लपवलं असेल किंवा तो या आवृत्तीला अनोळखी असेल, तरीही हेच उत्तर येईल. म्हणून 'नन' आल्यावर उलट्या बाजूने तपासायचं: खऱ्या लोखंडाच्या खुणा सापडतात का? त्या कुठे शोधायच्या ते खाली आहे.

सिस्टमडी नाही, किंवा मशीन फार जुनं आहे. मग?

'व्हर्ट-व्हॉट' नावाची छोटी शेल स्क्रिप्ट डेबियन, उबुंटू, रेड हॅट सगळीकडे पॅकेज म्हणून मिळते. ती रूट म्हणून चालवावी लागते. काहीच न छापता ती नीट संपली तर मशीन फिजिकल 'असावं', एवढाच अर्थ घ्यायचा. कधीकधी दोन ओळी येतात, जसं 'झेन' आणि त्याखाली 'झेन-एचव्हीएम'. त्यात घोटाळा काही नाही, दुसरी ओळ फक्त प्रकार सांगते.

काहीच इन्स्टॉल करायची मुभा नसेल तर '/सिस/क्लास/डीएमआय/आयडी/' या फोल्डरमधल्या 'सिस_व्हेंडर', 'प्रॉडक्ट_नेम' आणि 'बायोस_व्हेंडर' या फाइली 'कॅट'ने वाचा. यांना रूट लागत नाही. 'प्रॉडक्ट_सीरियल' मात्र फक्त रूटलाच वाचता येते.

त्या फाइलींत आलेल्या नावांचा अर्थ कसा लावायचा?

'डेल इंक.' आणि 'पॉवरएज आर७४०', 'एचपीई' आणि 'प्रोलायंट डीएल३८० जेन१०', 'लेनोवो' आणि 'थिंकसिस्टम' अशा जोड्या फिजिकलकडे बोट दाखवतात. व्हर्च्युअलची नेहमीची नावं अशी: 'व्हीएमवेअर व्हर्च्युअल प्लॅटफॉर्म' किंवा 'व्हीएमवेअर७,१', व्हर्च्युअलबॉक्सवर उत्पादक 'इनोटेक जीएमबीएच', हायपर-व्हीवर 'मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन' आणि 'व्हर्च्युअल मशीन', झेनवर 'एचव्हीएम डॉमयू', डिजिटलओशनवर 'ड्रॉपलेट'. क्यूईएमयूवर 'स्टँडर्ड पीसी (आय४४०एफएक्स + पिक्स, १९९६)' असं येतं. ते वर्ष बघून कुणाला वाटतं की सर्व्हर १९९६चा आहे. प्रत्यक्षात क्यूईएमयू ज्या इंटेल चिपसेटची नक्कल करतो त्याचं ते साल आहे. नव्या 'क्यू३५' प्रकारात '२००९' दिसतं.

नुसत्या उत्पादकाच्या नावावर निकाल देऊ नका. मायक्रोसॉफ्टच्या सरफेस मशीनवरही 'मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन'च येतं आणि ती हातात धरता येतात. उत्पादक आणि मॉडेल ही जोडी एकत्र वाचायची.

रूट असेल तर 'डीएमआयडीकोड -टी बायोस' चालवा. वैशिष्ट्यांच्या यादीत 'सिस्टम इज अ व्हर्च्युअल मशीन' अशी ओळ असेल तर ती एसएमबायोस (बायोसने मशीनबद्दल दिलेली माहिती) तक्त्यातल्या खास त्याच कामासाठी ठेवलेल्या बिटवरून आलेली असते. मात्र प्रत्येक हायपरव्हायझर तो बिट लावतोच असं नाही, त्यामुळे ती ओळ नसण्याला फारसा अर्थ नाही.

'एलएससीपीयू'मध्ये 'व्हर्च्युअलायझेशन: व्हीटी-एक्स' दिसतंय. म्हणजे व्हीएम?

ही ओळ हमखास उलटी वाचली जाते. ती सांगते की हा प्रोसेसर व्हीएम चालवू शकतो. साधारणपणे ती फिजिकल मशीनवरच दिसते, आणि नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन (व्हीएमच्या आत व्हीएम) चालू असलेल्या व्हीएममध्येही दिसू शकते. तुम्हाला हवी ती ओळ वेगळी आहे: 'हायपरव्हायझर व्हेंडर', आणि तिच्या जोडीला 'व्हर्च्युअलायझेशन टाइप: फुल'. ही असेल तर मशीन व्हर्च्युअल.

हीच माहिती '/प्रॉक/सीपीयूइन्फो'मधल्या फ्लॅग्जमध्ये 'हायपरव्हायझर' या शब्दाने येते. 'व्हीएमएक्स' किंवा 'एसव्हीएम' हे फ्लॅग क्षमता सांगतात, 'हायपरव्हायझर' हा फ्लॅग सद्यस्थिती सांगतो. इंटेल आणि एएमडी या दोघांनी सीपीयूआयडीच्या (प्रोसेसरला त्याची माहिती विचारणाऱ्या सूचनेच्या) पहिल्या पानावरचा ईसीएक्स रजिस्टरचा ३१वा बिट या कामासाठी मोकळा ठेवला आहे. खऱ्या प्रोसेसरवर तो शून्य असतो आणि हायपरव्हायझर तो एक करून गेस्टला दाखवतो.

'डीएमआयडीकोड' पॉवरएज म्हणतो आणि 'सिस्टमडी-डिटेक्ट-व्हर्ट' एलएक्ससी म्हणतो. खरं कोण?

दोघंही. तुम्ही कंटेनरमध्ये आहात; एलएक्ससी हा त्याचाच एक प्रकार. कंटेनरला स्वतःचा बायोस नसतो, कर्नल होस्टचाच असतो आणि '/सिस'मधून बऱ्याचदा होस्टचीच माहिती झिरपते. भाडेकरूच्या खोलीत बसून दारावरची घरमालकाची पाटी वाचावी, तसं होतं. स्वस्त व्हीपीएस (भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर) घेतल्यावर 'अरे, मला तर अख्खा डेल सर्व्हर मिळाला' असा आनंद होतो तो याच कारणाने.

कंटेनर ओळखायच्या खुणा: डॉकरमध्ये मुळाशीच '/.डॉकरएन्व्ह' ही फाइल असते, पॉडमनमध्ये '/रन/.कंटेनरएन्व्ह'. एलएक्ससीमध्ये '/प्रॉक/१/एन्व्हायरॉन' या फाइलीत 'कंटेनर=एलएक्ससी' सापडतं. जुन्या ओपनव्हीझेडमध्ये '/प्रॉक/व्हीझेड' असतं पण '/प्रॉक/बीसी' नसतं. दोन्ही असतील तर तुम्ही ओपनव्हीझेडच्या होस्टवरच आहात.

कंटेनर व्हीएमच्या पोटात असेल तर 'सिस्टमडी-डिटेक्ट-व्हर्ट' फक्त आतला थर सांगतो. '--व्हीएम' हा पर्याय दिला की तो कंटेनर बाजूला ठेवून खालचं मशीन तपासतो. कुबरनेटीसच्या पॉडमधून चौकशी करणाऱ्यांनी हा पर्याय विसरू नये.

मशीन खरोखर फिजिकल आहे याचा भक्कम पुरावा कोणता?

पहिला म्हणजे बीएमसी. सर्व्हरच्या मदरबोर्डवर देखरेखीसाठी हा वेगळा छोटा कंट्रोलर असतो आणि त्याच्याशी आयपीएमआय या पद्धतीने बोलता येतं. डेलमध्ये आयड्रॅक, एचपीईमध्ये आयलो. '/डेव्ह/आयपीएमआय०' आहे का बघा आणि रूट म्हणून 'आयपीएमआयटूल एमसी इन्फो' चालवा. फाइल नसेल तर आधी 'मॉडप्रोब आयपीएमआय_एसआय' आणि 'मॉडप्रोब आयपीएमआय_डेव्हइंटीएफ' करून बघा, कारण कित्येकदा मॉड्यूलच लोड झालेलं नसतं. 'आयपीएमआयटूल एसडीआर'मध्ये पंख्यांचे फेरे, पॉवर सप्लायचे व्होल्ट, आत येणाऱ्या हवेचं तापमान असे आकडे वर-खाली होताना दिसले तर शंका जवळपास मिटते. 'एलएसपीसीआय'मध्ये 'एस्पीड' किंवा 'मॅट्रॉक्स जी२००' ग्राफिक्स दिसणं ही त्याच बीएमसीची सावली.

दुसरा पुरावा मेमरीचा. 'डीएमआयडीकोड -टी १७' चालवा. फिजिकल मशीनवर प्रत्येक स्लॉटचा वेगळा उतारा येतो: लोकेटर 'ए१', आकार ३२ जीबी, प्रकार डीडीआर४, वेग, उत्पादक सॅमसंग, मायक्रॉन किंवा हायनिक्स, पार्ट नंबर, आणि प्रत्येक पट्टीचा निराळा सीरियल नंबर. रिकामे स्लॉटही 'नो मॉड्यूल इन्स्टॉल्ड' म्हणून नोंदलेले असतात. क्यूईएमयूच्या व्हीएमवर हाच उतारा भकास दिसतो: लोकेटर 'डिम ०', प्रकार 'रॅम', उत्पादक 'क्यूईएमयू', आणि बाकी रकान्यांत 'नॉट स्पेसिफाइड'. दोन्ही उतारे एकदा शेजारी ठेवून पाहिले की पुन्हा चूक होत नाही.

तिसरा, डिस्क. 'एलएसबीएलके'मध्ये 'व्हीडीए' दिसली तर व्हर्टआयओ (व्हीएमसाठीची व्हर्च्युअल डिस्क), 'एक्सव्हीडीए' दिसली तर झेन. 'एसडीए' आणि 'एनव्हीएमई' कुठेही असू शकतात, तेव्हा मॉडेल बघायला 'स्मार्टसीटीएल -आय' लावा. 'क्यूईएमयू हार्डडिस्क' किंवा 'व्हीएमवेअर व्हर्च्युअल डिस्क' आलं तर बोलणंच संपलं. 'पर्क एच७३०' आलं तर ते रेड कंट्रोलरचं नाव आहे; मागच्या खऱ्या डिस्क बघायला '-डी मेगारेड,०' असा पर्याय द्यावा लागतो, आणि त्या शून्याच्या जागी डिस्कचा क्रमांक.

तापमानाचा पुरावा जरा जपून वापरा. 'सेन्सर्स'मध्ये प्रत्येक कोअरचं तापमान दिसलं तर उत्तम. नाही दिसलं तर कदाचित 'सेन्सर्स-डिटेक्ट' अजून कुणी चालवलंच नसेल.

क्लाउडमधलं मशीन म्हणजे व्हीएमच, असं धरलं तर चालेल का?

बहुधा खरं ठरेल, पण ॲमेझॉनवर '.मेटल' असा शेवट असलेले इन्स्टन्स मिळतात आणि ते अख्खे फिजिकल सर्व्हर असतात. त्यांच्यावरही उत्पादक 'अमेझॉन ईसी२' येतो आणि नेटवर्क कार्डही ॲमेझॉनचं तेच ईएनए असतं. म्हणूनच सिस्टमडीच्या काही आवृत्त्या या मशीनना चुकून व्हर्च्युअल म्हणत. नव्या आवृत्त्या वर सांगितलेला एसएमबायोसचा बिट बघून फरक करतात.

तिथे खात्रीचा मार्ग म्हणजे मेटाडेटा, म्हणजे मशीनबद्दल क्लाउडच आतून देतो ती माहिती. १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर आधी 'पुट' विनंतीने टोकन घ्या, मग 'इन्स्टन्स-टाइप' विचारा. टोकन न घेता विचारलं आणि ४०१ आलं तर तिथे मेटाडेटाची दुसरी आवृत्ती सक्तीची केलेली आहे. अझ्युरवर याच पत्त्याला 'मेटाडेटा: ट्रू' हा हेडर लागतो. अझ्युरची व्हीएम आणि ऑफिसातली हायपर-व्ही व्हीएम यांचं मॉडेल अगदी सारखं दिसतं. फरक हवा असेल तर 'चॅसिस_ॲसेट_टॅग' वाचा. अझ्युरवर तो ७७८३-७०८४-३२६५-९०८५-८२६९-३२८६-७७ असतो.

विंडोज सर्व्हरवर काय करायचं?

पॉवरशेलमध्ये 'गेट-सिमइन्स्टन्स विन३२_कॉम्प्युटरसिस्टम' चालवा आणि 'मॅन्युफॅक्चरर' व 'मॉडेल' वाचा. लांबच्या मशीनसाठी '-कॉम्प्युटरनेम' जोडा. त्याला समोर विनआरएम (विंडोजची रिमोट व्यवस्थापन सेवा) चालू आणि टीसीपी ५९८५ पोर्ट मोकळा लागतो. 'ॲक्सेस डिनाइड' आलं तर परवानगीचं बघा, नुसतंच लटकलं तर फायरवॉलचं. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबवरही सीपीयूखाली व्हीएममध्ये 'व्हर्च्युअल मशीन: येस' असं येतं, तर फिजिकलवर 'व्हर्च्युअलायझेशन: एनेबल्ड' किंवा 'डिसेबल्ड'.

'सिस्टमइन्फो'च्या तळाशी येणाऱ्या 'अ हायपरव्हायझर हॅज बीन डिटेक्टेड' या वाक्यावर जाऊ नका. हायपर-व्हीची भूमिका किंवा व्हर्च्युअलायझेशनवर आधारलेली सुरक्षा चालू केली की विंडोज स्वतःच हायपरव्हायझरच्या वर चालू लागतं, आणि मग निखालस फिजिकल सर्व्हरवरही हेच वाक्य येतं. 'हायपरव्हायझरप्रेझेंट' हा गुणधर्मही त्याच कारणाने 'ट्रू' दिसतो.

लॉगिनच नाही, फक्त आयपी पत्ता आहे. बाहेरून कळेल का?

इंटरनेटच्या पलीकडून, खात्रीने, नाही. पत्ता कुणाच्या नावावर आहे ते 'हूइज' सांगेल. उलट्या डीएनएसमध्ये 'एपी-साउथ-१.कॉम्प्युट' दिसलं तर ते ॲमेझॉनचं मुंबई रीजन आहे एवढं कळेल. पण व्हीएम की मेटल, ते तिथून कळत नाही. पिंगची वेळ, उघडी पोर्ट, 'एनमॅप -ओ'चा अंदाज हे सगळे ऑपरेटिंग सिस्टमबद्दल बोलतात, खालच्या लोखंडाबद्दल नाही.

टीसीपीच्या टाइमस्टॅम्पवरून घड्याळाची बारीक चूक मोजायची आणि दोन पत्ते एकाच फिजिकल मशीनचे आहेत का ते ओळखायचं, ही पद्धत कोहनो, ब्रोइडो आणि क्लॅफी यांनी २००५ मध्ये दाखवली होती. डोकं लाजवाब, पण रोजच्या कामाला उपयोगी नाही.

एकाच लॅनमध्ये असलो तर मॅक पत्त्यावरून?

तिथे बरंच कळतं. आधी पिंग करा, मग 'आयपी नेबर' किंवा विंडोजवर 'एआरपी -ए' बघा. मॅक म्हणजे नेटवर्क कार्डाचा पत्ता; त्याचे पहिले तीन भाग महत्त्वाचे: ००:५०:५६ आणि ००:०सी:२९ व्हीएमवेअर, ०८:००:२७ व्हर्च्युअलबॉक्स, ००:१५:५डी हायपर-व्ही, ००:१६:३ई झेन, ५२:५४:०० केव्हीएम. मध्ये राउटर असेल तर तुम्हाला राउटरचाच मॅक दिसेल, ही साधी गोष्ट घाईत निसटते.

दोन सापळे आहेत. ईएसएक्सआय (व्हीएमवेअरचा हायपरव्हायझर) होस्ट स्वतः फिजिकल असतो, पण त्याच्या व्हीएमकर्नल पोर्टना ००:५०:५६ने सुरू होणारे पत्ते मिळू शकतात. म्हणजे तुम्ही ज्याला व्हीएम समजताय तो सगळ्या व्हीएमचा बाप निघायचा. दुसरं, मॅक कुणीही बदलू शकतं. जुना फिजिकल सर्व्हर व्हीएममध्ये हलवताना लायसन्स मॅकला बांधलेलं असेल तर खऱ्या कार्डाचा पत्ता मुद्दाम तसाच ठेवला जातो.

'टॉप'मधला 'एसटी' आकडा शून्य आहे. म्हणजे फिजिकल?

नाही. शून्याहून जास्त दिसला तर मशीन नक्की व्हर्च्युअल, कारण दुसऱ्यांनी पळवलेला सीपीयूचा वेळ तिथे मोजला जातो. शून्याचा अर्थ होस्टवर गर्दी नाही, किंवा हायपरव्हायझर हा आकडा गेस्टला देतच नाही. त्यापेक्षा '/सिस/डिव्हायसेस/सिस्टम/क्लॉकसोर्स/क्लॉकसोर्स०/करंट_क्लॉकसोर्स' वाचा. 'केव्हीएम-क्लॉक', 'झेन' किंवा 'हायपरव्ही'ने सुरू होणारं काही असेल तर निकाल लागला. 'टीएससी' (प्रोसेसरचं स्वतःचं घड्याळ) दोन्हीकडे असतो.

हायपरव्हायझर स्वतःला लपवू शकतो का?

शकतो. केव्हीएममध्ये 'हिडन स्टेट=ऑन' आणि सीपीयूच्या ओळीत '-हायपरव्हायझर' देऊन, व्हीएमवेअरमध्ये 'हायपरव्हायझर.सीपीयूआयडी.व्ही०' हे 'फॉल्स' करून. एसएमबायोसमध्ये डेलचं नावही लिहिता येतं. एकेकाळी ग्राफिक्स कार्ड व्हीएमला थेट द्यायचं तर ड्रायव्हर चालावा म्हणून लोक हे सर्रास करत.

तरी वेळ लपवणं अवघड. सीपीयूआयडी ही सूचना व्हीएममध्ये प्रत्येक वेळी हायपरव्हायझरकडे जाऊन येते. खऱ्या प्रोसेसरवर तिला साधारण शंभर-दोनशे चक्रं लागतात, व्हीएममध्ये ती सहज हजाराच्या पुढे जातात. एकदाच मोजून भागत नाही. प्रोग्राम एका कोअरला बांधा, काही हजार वेळा मोजा आणि सरासरीऐवजी सगळ्यात लहान आकडा घ्या, कारण मध्ये आलेले इंटरप्ट सरासरी फुगवतात.

दोनशे सर्व्हरची यादी आहे. एकेक कसं तपासणार?

ॲन्सिबलचं (अनेक सर्व्हरवर एकदम काम करणाऱ्या साधनाचं) 'सेटअप' मॉड्यूल 'फिल्टर=ॲन्सिबल_व्हर्च्युअलायझेशन*' देऊन चालवा. 'टाइप'सोबत 'रोल'ही वाचा. 'टाइप: केव्हीएम, रोल: होस्ट' म्हणजे फिजिकल मशीन, ज्यावर केव्हीएमचं मॉड्यूल लोड आहे; 'रोल: गेस्ट' म्हणजे व्हीएम. फक्त 'टाइप'चा रकाना एक्सेलमध्ये उतरवला की होस्टच व्हीएमच्या यादीत जाऊन बसतात. यादीत सीरियल नंबरचा रकानाही ठेवा: डेलचा सर्व्हिस टॅग सात अक्षरांचा असतो, व्हीएमवेअरचा सीरियल 'व्हीएमवेअर-' असा सुरू होतो, आणि नुसती नजर फिरवली तरी चुकलेल्या ओळी दिसतात.

एआरएम, पॉवर, फ्रीबीएसडी?

फ्रीबीएसडीवर 'सिसकंट्रोल कर्न.व्हीएम_गेस्ट'. 'नन' नसेल तर व्हीएम. एआरएमवर सीपीयूआयडी नसतं, तिथे डीएमआय (वर सांगितलेल्या त्याच फाइली) किंवा '/प्रॉक/डिव्हाइस-ट्री/हायपरव्हायझर' बघायचं. आयबीएम पॉवरवर पॉवरव्हीएम असेल तर तुम्ही नेहमीच एका एलपारमध्ये (मशीनच्या व्हर्च्युअल भागात) असता, मग अख्खं मशीन त्या एकालाच दिलेलं का असेना.

याने लायसन्सला खरंच फरक पडतो?

पडतो. एसक्यूएल सर्व्हर कोअरप्रमाणे घेताना फिजिकल मशीनवर सगळे फिजिकल कोअर मोजायचे, प्रत्येक प्रोसेसरमागे किमान ४. व्हीएमचं वेगळं लायसन्स घ्यायचं तर तिचे व्हर्च्युअल कोअर मोजायचे, प्रत्येक व्हीएममागे किमान ४. विंडोज सर्व्हरला प्रत्येक प्रोसेसरमागे किमान ८ आणि प्रत्येक सर्व्हरमागे किमान १६ फिजिकल कोअरचं लायसन्स लागतं. फिजिकल म्हणून नोंदलेली २ कोअरची व्हीएम ऑडिटमध्ये महागात पडते, ती या हिशेबामुळे.

व्हीएम आहे हे ठरलं. ती कोणत्या फिजिकल होस्टवर आहे ते आतून कळेल का?

हायपर-व्हीवर कळतं. विंडोज गेस्टच्या रजिस्ट्रीत 'एचकेएलएम\सॉफ्टवेअर\मायक्रोसॉफ्ट\व्हर्च्युअल मशीन\गेस्ट\पॅरामीटर्स' इथे 'फिजिकलहोस्टनेम' हे मूल्य असतं, मात्र इंटिग्रेशन सर्व्हिसेसमधली डेटा एक्स्चेंज सेवा चालू हवी. लिनक्स गेस्टमध्ये त्यासाठी हायपर-व्हीचा केव्हीपी डीमन (हीच सेवा लिनक्सवर चालवणारा) चालू लागतो. मग हीच माहिती '/व्हार/लिब/हायपरव्ही/.केव्हीपी_पूल_३'मध्ये येते.

केव्हीएम आणि व्हीएमवेअर स्वतःहून हे सांगत नाहीत. तिथे 'प्रॉडक्ट_यूयूआयडी' (मशीनचा एकमेव ओळख क्रमांक) रूट म्हणून वाचा आणि होस्ट सांभाळणाऱ्याला द्या. केव्हीएमवाला 'व्हर्श डॉमयूयूआयडी'शी ताडून पाहील, व्हीएमवेअरवाला व्हीसेंटरमध्ये शोधेल. व्हीएमवेअरमध्ये पहिल्या तीन गटांतले बाइट कधीकधी उलट क्रमाने दिसतात. पहिल्यांदा शोधून सापडलं नाही तर ते गट उलटे लिहून पुन्हा शोधायला सांगा.